कूट म्हणजे काही नाही

अहो, थांबा! लगेच फाडू नका. मी चॉकलेटचा कागद बोलतोय. आतलं खाल्लं की मला चुरगाळायचं आणि गटारीत टाकायचं, एवढंच तुम्हाला ठाऊक. माझं नशीब बरं, म्हणून मी दोंडाईच्यात एका भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये बसलोय. कसा बसलो, ते ऐका.

माझ्यावरचा मजकूर कामिनीनं लिहिला. ती शिंदखेड्याहून एसटीनं यायची आणि धुरपदाअक्कांनी गावातल्या बायकांना घेऊन काढलेल्या चॉकलेट कारखान्याची कागदपत्रं सांभाळायची. तिची सात वर्षांची मृणाली शेंगदाणे खाल्ले की सुजायची, श्वास कोंडायचा. एकदा तर दवाखान्यात दोन दिवस जिवाशी गाठ होती. तेव्हापासून कामिनी कुठलंही पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय पोरीच्या हातात देत नसे.

मजकूर लिहिताना तिनं अक्कांना समोर बसवलं. "अक्का, काय काय टाकता ते सगळं सांगा."

"कोको, कोकोनं लोनी, साखर, दूधनी पावडर. व्हई गयं बठ्ठं."

"शेंगदाणे?"

"एक दाना नही, माय!"

वजन, तारीख, हिरवा ठिपका, सगळं जागच्या जागी लिहून कामिनीनं मजकूर धुळ्याला छापायला दिला. चार हजार भावंडं घेऊन मी आलो. पहिल्या घाण्यातली एक वडी तिनं माझ्यात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. "आज तपासणी झाली की संध्याकाळी मृणालीला देईन. आईच्या कारखान्यातलं पहिलं चॉकलेट!" मी काय फुगलो म्हणता!

तपासणीला वृषालीमॅडम आल्या. बाई भारी चिकट. डोक्यावरच्या टोप्या पाहिल्या, पाण्याचा रिपोर्ट पाहिला, कोकोच्या पोत्यावरची तारीखसुद्धा सोडली नाही. कागद मागितला तेव्हा कामिनीनं घाईत पर्समधून मलाच वडीसकट पुढं केलं. मॅडमनी मला अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "आता माझ्यासमोर एक घाणा करा."

अक्कांनी कोको वितळवला, साखर ओतली. मग हात सवयीनं स्टीलच्या डब्यात गेला आणि मूठभर काहीतरी भांड्यात पडलं.

"हे काय टाकलंत?"

"काही नही, कूट शे."

"कशाचं कूट?"

"दाण्याचं. कूट ते बठ्ठास्मा ऱ्हास, मॅडम. भाजीमा, चटनीमा. त्यानं काय लिखनं?"

कामिनीचं तोंड पांढरंफटक पडलं. "अक्का, मी विचारलं होतं ना!"

"तू दाना इचारात, माय. कूट कोठे इचारं?"

अक्का खोटं बोलल्याच नव्हत्या. आमच्याकडं दाणा म्हणजे दाणा आणि कूट म्हणजे कूट. मिठासारखं हाताला लागेल तसं पडतं, मोजतं कोण?

कामिनीनं मॅडमच्या हातातून मला ओढूनच घेतलं. "हे मी आज माझ्या मृणालीला देणार होते. शेंगदाण्यानं तिचा श्वास कोंडतो!" पोरीचं दुखणं ऐकलं तसा अक्कांनी कुटाचा डबा लांब ढकलला. "पोर गयी व्हती ना मन्हा हातनं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला सांगितलं तेवढंच मी बोललो होतो, पण ती पोर माझ्याच भरवशावर खाणार होती ना!

त्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं नाही. माझ्या भावंडांचे तुकडे झाले. नव्या कागदांवर ठळक अक्षरांत आलं, 'यात शेंगदाणे आहेत', मगच मॅडमनी सही केली. माझ्यावर कामिनीनं तेच लाल पेनानं लिहिलं आणि अक्कांनी मला डब्यासमोरच्या भिंतीवर टांगलं. तेव्हापासून इथं 'काही नही' म्हणायला बंदी आहे. चिमूटभर वेलदोडा टाकायचा तरी अक्का आधी कामिनीला हाक मारतात.

आम्ही कागद स्वतःहून ओरडू शकत नाही हो. म्हणून हात जोडतो, फाडण्याआधी एकदा उलटा करून वाचा.

परवा सुट्टीत मृणाली आली. समोरची वडी उचलली, उलटी केली आणि ओळींवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. मग होती तिथं ठेवली. "मला नको, आजी. यात दाणे आहेत."

अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि पिशवीतून एक केळं काढून तिला दिलं. मृणालीनं तेही उलटंसुलटं करून पाहिलं.

"खाय माय," अक्का म्हणाल्या, "याम्हा मी काहीच टाकेल नही."