आठ वर्षांची गॅरंटी

"पानी कौनसा डाले थे, चाचा?" मुनीरभाईनं गाडीची सीट उपटून भिंतीला टेकवली आणि खालच्या बॅटऱ्यांवर टॉर्च मारला.

"डिस्टिल," तात्या म्हणाले. "दुसरं कोनतं घालीन?"

"ये डिस्टिल नै. हे बघा, नुसता खार जमलाय. आठच्या आठ गेल्या."

तात्यांचं टाळकंच सरकलं. उभी हयात जिल्हा परिषदेच्या जीपवर गेलेली. किती साहेब आले नि बदलून गेले, पण या रामकिसन ड्रायव्हरनं गाडीला कधी पाणी कमी पडू दिलं नाही की ऑइल. आणि हा कालचा पोरगा रोशन गेटच्या टपरीएवढ्या गॅरेजात बसून त्यांना पाणी शिकवतो!

"मुनीर, तुझ्या बापाला इचार मी कोन हाय ते. दर म्हैन्याला कॅन आणून ठेवतो घरी. सील फोडून. ह्या हातानं घालतो."

"चाचा, गुस्सा मत करो. ये नल का पानी है. आपल्या नळाचं. किटलीत बसतो ना पांढरा थर, तोच है."

आशाबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुनीरभाईचं बोलणं ऐकून त्यांनी पदर सावरला आणि त्या गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं ही काही साधी गोष्ट नव्हती. अलीकडं तर त्या गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलत असत, इतक्या की तात्यांचं डोकं उठायचं.

ही गाडी घेतली तेव्हा सगळं पुंडलिकनगर हसलं होतं. दोन दारांची, विजेवरची, एवढीशी. मागच्या सीटवर माणूस बसायचा नाही, फार तर भाजीची पिशवी. पुण्याला निघालेल्या एका प्राध्यापकाकडून तात्यांनी ती जुनीच घेतली. "तात्या, चावी देता का सेल टाकता?" असं शेजारचे काकासाहेब रोज विचारायचे. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या पुसल्या, ही आपली होती. जीपमधून उतरलेला माणूस त्या गाडीत शिरताना पिंपात उतरल्यासारखा दिसायचा, पण एकदा आत बसला की राजा. नव्या नवलाईत त्यांनी आशाबाईंनाही चालवायला शिकवलं. गिअर नाही, क्लच नाही, दोनच पेडल. आरटीओत नेऊन लायसन्स काढून दिलं, गल्लीत मिरवलं. आणि त्यानंतर चावी काही हातात दिली नाही. "तुला काहून तकलीफ? मी हाय ना," एवढंच.

कंपनीनं ती गाडी बनवणं कधीच बंद केलं होतं. पण तात्या नि आशाबाई तिच्यातून हर्सूलला जात राहिले. आशाबाईंची थोरली बहीण सरूबाई तिथं अंथरुणाला खिळलेली. अर्धं अंग लुळं. तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, तर आशाबाईंनीच. सून बिचारी चांगली होती, पण सरूबाई तिचा हात अंगाला लावून घ्यायची नाही. लाजायची. आशा येईपर्यंत तशीच पडून राहायची. म्हणून गुरुवार आणि रविवार हर्सूल ठरलेलं. मागच्या रविवारी मात्र गाडी सेव्हन हिलच्या पुलावर चढता चढता धापा टाकून थांबली ती थांबलीच. टेम्पोला दोर बांधून आणावी लागली.

"अहो," आशाबाई आता हळूच म्हणाल्या, "पाणी तुम्ही कोनत्या कॅनातलं घातलं?"

"कोनत्या म्हंजे? जिन्याखालच्या."

"जिन्याखाली दोन हायेत."

मग ते उलगडत गेलं. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी पुंडलिकनगरात रिकामं भांडं दिसणं म्हणजे गुन्हाच. पुढचं पाणी पुन्हा केव्हा येईल ते कुणी सांगावं! टाकी, हंडे, बादल्या, कुकर, नातू विसरून गेलेली बाटली, सगळं भरून घ्यायचं. तशात बॅटरीच्या पाण्याचा एक रिकामा कॅन हाताला लागला, तोही आशाबाईंनी भरून ठेवला. भांडी विसळायला होईल म्हणून.

"म्या सांगितलं व्हतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "चांगला हातभर लाल पट्टा ओढलाय त्याच्या एका कडेला, खिडकीच्या ऑइलपेंटचा. म्हनलं, लाल पट्ट्याचा घेऊ नका, ते नळाचं हाय. तुम्ही हां म्हनले."

"मी बघूनच घेतला," तात्या म्हणाले. "पट्टा नव्हता त्याला."

"हाय पट्टा."

"नव्हता."

"अहो, दोन्ही कॅन तिथंच हायेत. पट्ट्याचा अर्धा झालाय. दुसऱ्याचं तर सीलबी फुटलं नाय."

मुनीरभाईनं टॉर्च बंद केला. शहाणा माणूस होता, चहा सांगतो म्हणून बाहेर सटकला.

तात्या गाडीच्या उघड्या पोटाकडं बघत उभे राहिले. दिवाळीच्या आधी ते एकटेच डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले होते. येऊन म्हणाले, "थेंब दिलेत, बाकी झ्याक हाय." डॉक्टरनं सांगितलं होतं ते वेगळंच. काचबिंदू. कडेची नजर गेली ती गेली, परत यायची नाही. उरलेली सांभाळा. आणि गाडी बंद करा. हे शेवटचं ऐकून तात्यांनी मान हलवली होती आणि खाली येऊन त्याच गाडीत बसून घरी आले होते. समोरचा रस्ता तर लख्ख दिसत होता! समोरचं दिसतं ना, मग झालं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं आणि ते इतके दिवस पुरलं होतं. आता हातभर लाल पट्टा आडवा आला.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून बद्रीनाथ. मुनीरभाईनं सकाळीच दोन तऱ्हेच्या बॅटऱ्यांचे भाव सांगितले होते, ते आशाबाईंनी लेकाला कळवलेले. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"तात्या, हे बघा. लिथियमची म्हणतोय तो, तिला आठ वर्षांची गॅरंटी. पाणी घालायची कटकट नाही. पण लई महाग पडते. साधी टाकली तर दोन-तीन वर्षं जाते. मी म्हणतो साधीच टाका."

"का रं?"

"नाही म्हणजे, आठ वर्षांची घेऊन आपल्याला... म्हणजे तुमचं वय बघता..." बद्रीनाथ अडखळला. "म्हणजे गाडीचंपण वय झालंय ना, तात्या."

"व्हय, व्हय," तात्या म्हणाले. "गाडीचं."

पोरगा वाईट नव्हता. फोन ठेवल्यावर त्यालाही वाईट वाटलं असेल. पण तात्यांना ते लागलं. दोन-तीन वर्षं. लेकानं मनातल्या मनात हिशेब करून बापाला तेवढी दिली होती.

मुनीरभाई चहा घेऊन आला. "बोलो चाचा. कौनसी डालू?"

"साधी टाक," तात्या म्हणाले. "न्हाईतर असं कर, टाकूच नको. भंगारात किती येतील इचार. मला तरी आता कुठं चालवायचीय?"

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि ते चपापले. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. चहा गरम होता, जीभ पोळली, तरी कप खाली ठेवला नाही.

"मुनीरभाई," आशाबाई म्हणाल्या, "ती आठ वर्षांची टाका."

"अगं पन..."

"तुम्हाला नाय चालवायची, माहीत हाय मला. मला चालवायचीय."

तात्यांनी कप ठेवला. "तुला? आन लायसन्स?"

"पर्समधी हाय. तुम्हीच काढून दिलं. अजून मुदत हाय त्याची, काल बघून घेतली."

"काल?" तात्यांचा आवाज चढला. "म्हंजे तू आधीच ठरवून बसली! आन गर्दीत घालशील कुठं! चंपा चौकातून चालवून दाखव एकदा!"

"दाखवीन की. आन ओरडू नका, लोक बघायलेत."

"बघू दे! मी एवढी वर्षं गाडी हाकली, कुनाला खरचटलं नाय..."

"खरचटलं नाय, कारन मी बसत व्हते बाजूला," आशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र चढला नव्हता. "तुम्हाला वाटायचं म्हातारी नुसती बडबड करती. डावीकडं म्हैस बसलीय बघा. ह्या दुकानात साड्या चांगल्या असत्यात. ती पोरगी किती ग्वाड हाय, सायकलवरची, इकडंच यायलीय. म्या काय येडी हाय का, दर वेळी म्हशी दाखवायला? परवा हर्सूलच्या वळनावर भाजीवालीच्या पाटीला गाडी लागलीच व्हती. तुमचा हात धरून वढला तवा वळली. तुम्ही म्हनले, काय झालं? म्या म्हनलं, काय नाय, माशी बसली व्हती हातावर."

 माशी तात्यांना आठवत होती. भाजीवाली त्यांनी पाहिलीच नव्हती.

"कवापासून माहीत हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"गेल्या गुढीपाडव्यापासून. ताटातल्या उजव्या बाजूच्या भाजीला हातच लावत नव्हते तुम्ही. आधी वाटलं आवडली नाय. मग ताट फिरवलं, तर ती खाल्ली आन चटणी राह्यली."

"मग बोलली काहून नाय?"

"तुम्ही कुठं बोलले?"

मुनीरभाई उगाचच पाना पुसत होता. तात्यांना रडू यायला लागलं होतं आणि त्याचा त्यांना भयंकर राग येत होता. ज्या बाईला आपण चावी दिली नाही, ती आपल्या शेजारी बसून वर्षभर गाडी हाकत होती. तोंडानं. आणि आपण तिला म्हणत होतो, जरा दम खा, किती बोलशील!

"मुनीर," ते म्हणाले, "ती आठ वर्षांची टाक. आन ड्रायव्हरची सीट पुढं सरकव. हिचे पाय पोचत नाय."

आठवड्यानं गाडी तयार झाली. गुरुवार होता. बॅटरी हलकी झाल्यामुळं पेडल एवढंसं दाबलं तरी गाडी पळत होती. आशाबाईंनी पदर कमरेला खोचला, आरसा वळवून घेतला आणि स्टिअरिंगला हात जोडले. तात्या डावीकडून आत शिरले. सीटचा पट्टा कोणत्या खांद्यावरून घ्यायचा ते त्यांना सुचेना. आशाबाईंनी तो ओढून लावून दिला.

रोशन गेटपाशी त्यांनी गाडी इतकी सावकाश काढली की मागचे रिक्षावाले कोकलायला लागले. तात्यांनी मागं वळून बघितलं, एक कचकचीत शिवी ओठावर आली ती गिळली. पुढं जरा मोकळा रस्ता लागला. आशाबाई एक शब्द बोलत नव्हत्या. डोळे रस्त्यावर, ओठ घट्ट. 

तुरुंगाच्या भिंतीशेजारून जाताना समोर एक टेम्पो अचानक थांबला. तात्यांचा उजवा पाय पुढं गेला आणि त्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. पायाखाली नुसती रबरी चटई होती. गाडी मात्र थांबली. टेम्पोपासून चांगलं अंतर राखून, धक्कासुद्धा न लागता.

आशाबाईंनी त्यांच्या पायाकडं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं.

टेम्पो हलला. गाडी निघाली. तात्यांचा पाय चटईवर तसाच होता. हर्सूल येईपर्यंत प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकापाशी तो दाबत राहिला, आणि प्रत्येक वेळी गाडी बरोबर तिथंच हळू झाली.