झेलिका आ मेदार

आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या खाडीवर माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही. निम्मं गाव एकाच आडनावाचं. मेदारची मुलगी झेलिका, म्हणून ती 'झेलिका आ मेदार'. मधला 'आ' म्हणजे 'चा' किंवा 'ची'. पुस्तकी फ्रेंचमध्ये तिथे 'द' लागतो, हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

खेकड्यांच्या कारखान्यात झेलिका एकतीस वर्षं कवचं फोडत होती. मुकादमाची जागा निघाली, पण शाळेचा दाखला हवा होता. म्हणून ती आणि तिच्या शेजारी बसून कवचं फोडणारी मी, अशा आम्ही दोघी चर्चच्या तळघरातल्या वर्गाला बसलो. शिकवायला माँट्रियलच्या मादाम पेल्तिए, वयाने आमच्या लेकीएवढ्या.

फ्रेंचमध्ये नामाआधी लागणाऱ्या छोट्या शब्दांचे धडे चालले होते. टेबला'वर', पुला'खाली', डॉक्टर'कडे'. गाळलेल्या जागा भरायच्या. डॉक्टरकडे जाण्याचा आमचा शब्द चुकीचा निघाला, तिथे 'शे' हवा होता. झेलिकाने तो मुकाट्याने दहा वेळा लिहून काढला. मग आलं, 'पिएरची होडी'. तिने 'आ' लिहिला. मादामनी लाल काट मारली.

"इथे 'द' येतो."

"बाई, माझा बाप गेला तेव्हा पाद्रीबाबांनी सांगितलं, 'मेदार आ फिदेल गेला.' अख्खं गाव लोटलं. 'द' म्हणाले असते तर कुत्रंही फिरकलं नसतं!"

वर्ग खो खो हसला. मादाम लाल झाल्या, पण हटल्या नाहीत. "घरात खुशाल म्हणा हो. परीक्षेत नाही चालणार."

परीक्षेत पास व्हायला पन्नासपैकी पस्तीस लागत होते. झेलिकाला चौतीस पडले. मादामनी तिला जवळ बोलावलं. "एक प्रश्न तोंडी विचारायची मुभा आहे मला. होडीचंच वाक्य नीट म्हणा, दाखला देते."

मी तिला कोपर मारलं. "अगं, म्हण ना 'द'! जीभ झडते का?"

"झडते," ती म्हणाली. "माझ्या बापाचं नाव चूक आहे, असं माझ्या तोंडून वदवून घेणार का? पुन्हा बसेन."

जागा भलत्याच एका बाईला गेली. झेलिका त्या दिवशी घरी जाऊन रडली, हे मला ठाऊक आहे. पण हिवाळ्यात कारखाना बंद झाला तशी ती पुस्तक घेऊन चुलीपाशी बसली, ती बर्फ वितळेपर्यंत उठली नाही.

वसंतात पन्नासपैकी एकोणपन्नास. चूक एकच, होडीच्या वाक्यातला 'आ'.

"उत्तर येत होतं ना तुम्हाला?" मादामनी विचारलं.

"येत होतं तर! म्हणून तर बाकीची सगळी बरोबर लिहिली. एक चूक परवडायला हवी होती."

मादामनी तिच्याकडे बघत सही केली.

दोन वर्षांनी झेलिका मुकादम झाली. पहिल्याच दिवशी तिने हजेरीच्या फळ्यावर नावं लिहिली: लुई आ प्लासिद, लुई आ ऑनेझिम, लुई आ झोए. शहरातून आलेल्या साहेबाने नाक मुरडलं, "हे कसलं फ्रेंच?"

"साहेब," झेलिकाने खडू त्याच्या हातात ठेवला, "तुम्ही लुईला हाक मारून बघा. किती येतात ते मोजा."