एक पान, न गाळता

फौजिया रोज सकाळी अम्मीला पेपर वाचून दाखवायची आणि रोज चोरी करायची. अपघाताची बातमी आली की गाळ, कुणी गेल्याची आली की गाळ. अम्मीला, म्हणजे बद्रुन्निसाबाईंना, ते बरोबर कळायचं. तीस वर्षं भोरच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई. काचबिंदूनं नजर खाल्ली तरी कान शाबूत होते. "चार ओळी गिळल्यास," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणजे हे असंच. तो देईल तेवढंच आपलं."

हे बोलणं फौजियाच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून तर दोन हजार पाच साली, आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत तिनं 'बोलपान' सुरू केलं. पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावा, सुधारावा, परत द्यावा. पगार कुणालाच नाही. मार्गासनीचा बंडू पुण्याची नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बसायचा, पालीची शिक्षिका नूतन शाळा सुटल्यावर, आणि कापूरहोळला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलेला वाजिद गिऱ्हाईक नसेल तेव्हा. शिवाय ई-मेलवरून हात लावणारे नागपूर-सांगलीकडचे पाचजण होते, त्यांची तोंडं कुणी पाहिली नव्हती.

आणि दोन वर्षांत झालं काय? कप्पाळ! बंडूला बाईचा आणि बाप्याचा असे दोन आवाज हवे होते. वाजिदला सगळं मोबाईलवर चालवायचं होतं. नूतनला मशीनकडून पोरांच्या कविता चालीवर म्हणून घ्यायच्या होत्या. यादीत उद्दिष्टं त्रेचाळीस, आणि मशीन अजून 'विद्यार्थी' म्हणताना ठेचकाळत होतं. बरं, नको म्हणायची सोय नाही. फुकट राबणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं की बाबा रे, तुझं हे काम राहू दे?

दोन हजार सातच्या जूनमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी फौजियाला बाजूला घेतलं. उरलेली चिमूटभर नजर डिसेंबरपर्यंत जाईल, म्हणाले. फौजिया बाहेर आली, अम्मीचा हात धरला आणि म्हणाली, "आहे तशी टिकून आहे म्हणाले." आयुष्यातली सगळ्यात मोठी ओळ तिनं त्या दिवशी गाळली. परतीच्या एसटीत मात्र तिचा हिशेब चालू होता. बटणं कुठं आहेत हे बोटांना शिकवायचं तर थोडंफार दिसतंय तोवरच शिकवायला हवं. म्हणजे मशीन त्याआधी बोलतं व्हायला हवं. सहा महिनेसुद्धा हातात नव्हते.

जुलैत मार्गासनीला बंडूच्या ओसरीवर बैठक बसली. फौजिया ठरवून आली होती की आज यादी छाटायचीच. पण झालं उलटंच. तासाभरात त्रेचाळीसची सत्तेचाळीस झाली. "सगळ्यांचंच करू की, आपा," वाजिद म्हणाला, तेव्हा तर तिला त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला.

समोरच्या भाताच्या खाचरात आठ औतं एकापाठोपाठ चिखल करत होती. बंडूचे वडील, कोंडिबा, त्यातलंच आपलं औत दुसऱ्याच्या हाती देऊन चहाला आले. पाय धुता धुता त्यांनी ओसरीवरचा कालवा ऐकला.

"मामा, ते शेत तुमचं?" फौजियानं विषय बदलायला विचारलं.

"छ्या! सगुणाबाईचं. इर्जिक हाय तिच्याकडं." आठ घरांनी आपापली बैलं घेऊन एका घरचं शेत एका दिवसात उरकायचं, जेवण त्या घरचं, आणि मग पुढच्याची पाळी, ही तिकडची जुनी रीत.

"मग तिचंच आधी का?"

"तिची रोपं लांबली. आजून चार दिस ग्येलं तर लावनी वाया."

"आणि तुमचं शेत?"

"माजं थांबंल. आज माज्या बांधाकडं बगायचंबी न्हाई." त्यांनी चहा बशीत ओतला. "पन तुमी कवाधरनं भांडताय रं? तुमच्यात शेत कुनाचं हाय?"

"सगळ्यांचं, मामा. साऱ्या महाराष्ट्रातल्या अंधांचं," फौजिया म्हणाली. हे वाक्य तिला पाठ होतं.

"मंग कुनाचंच न्हाई की!" कोंडिबा हसले. "सगुणाबाई परवा घरोगर फिरली. दारात हुबं ऱ्हाऊन म्हनली, माजं शेत ऱ्हायलंय, या. तसं सांगितल्याबिगर कोन बैलं सोडंल? लाज धरून इर्जिक हुत न्हाई, पोरी."

बशी रिकामी करून ते चिखलात परत गेले. फौजियाचा चहा तसाच गार झाला. दोन वर्षांत तिनं या तिघांना कधी सांगितलंच नव्हतं की अम्मीला दिसत नाही. स्वतःच्या घरच्या कामाला लोकांना फुकट राबवते असं कुणी म्हणू नये, ही तिची ताठ मान. कुणाला ठाऊकच नाही की कुठं जायचंय, तर एका वाटेनं जातील कशी माणसं?

"माझ्या अम्मीची नजर डिसेंबरला जाणार आहे," ती म्हणाली. पहिलं वाक्य तोंडातून गेलं आणि मग सगळंच सांगितलं. पेपरातल्या गाळलेल्या ओळी, डॉक्टरांचं बोलणं, त्यावर आपण मारलेली थाप. "शेत माझं राहिलंय. या."

मग वाजिदनं यादी ओढली आणि मोबाईलची आपलीच ओळ खोडली. "आपा, हे आधी का नाही बोललात?" तो रागावला होता, खरोखरचा. बंडूनं दोन आवाजांवर काट मारली, नूतननं चालींवर. सत्तेचाळीसातली सेहेचाळीस गेली. जी उरली ती अशी: एक पान, अखंड, तीस नोव्हेंबरच्या आत.

नूतननं एक अट घातली. "कारणपण लिहायचं, सगळं. कारण डोळ्यांसमोर नसलं की माणूस दोन आठवड्यांत आपल्या बांधाकडं वळतो." तिनं ते टाइप केलं आणि ती फाईल सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर फाईलींच्या यादीत पहिलीच दिसेल अशी ठेवली.

मग सगळी कामाला जी जुंपली ती जुंपली. कोंडिबांच्या धान्याच्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून नूतननं एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर रेकॉर्ड केलं. तेवढा वेळ अंगणातल्या कोंबड्या हाकलायला बंडू. तिचा घसा बसला, तर आलं चघळून पुन्हा बसली. जोडाक्षरांचे नियम लिहायचं किचकट काम वाजिदनं अंगावर घेतलं आणि कुरकुरत का होईना, तडीस नेलं. ऑक्टोबरात नागपूरच्या गड्यानं कळवलं की त्याला पार्श्वसंगीत घालायचंय. फौजियानं आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं, "आत्ता नको," आणि ती फाईल जोडली. दोन दिवस तो फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं आकडे वाचायची अडचण सोडवून पाठवली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी सगळे भोरला जमले. फौजियानं पेपरातला एक छानसा मजकूर काढून ठेवला होता. अम्मी खुर्चीत बसल्या.

"हे तू निवडलंस?"

"हो."

"मग नको. तू निवडलेलं रोजच ऐकते. यादीत पहिलं असेल ते वाच म्हणावं त्याला." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी नुकतंच दाखवलेलं बटण चाचपून दाबलं.

नूतनच्या आवाजात मशीन बोलू लागलं. "उद्दिष्ट. बद्रुन्निसाबाईंना एक पान अखंड ऐकता यावं."

तीच फाईल! पुढच्या ओळी फौजियाला तोंडपाठ होत्या. बंद करायचं बटण तिच्या बोटाखालीच होतं. बंडूनं मान हलवून खुणावलंसुद्धा, दाब म्हणून. पण दाबलं तर दोन वर्षांचं, नऊजणांचं सगळं काम कशाला होतं? तिनं हात मागं घेतला.

"मुदत, तीस नोव्हेंबर. डॉक्टरांच्या मते डिसेंबरनंतर त्यांना काहीही दिसणार नाही. फौजियानं हे त्यांना सांगितलेलं नाही." एकाही जोडाक्षरावर मशीन अडखळलं नाही.

"अम्मी, मी..."

"थांब. पान संपू दे."

मशीननं खालची नऊ नावं वाचली, नागपूर-सांगलीसकट, आणि ते थांबलं. फौजियाला रडू आवरेना. अम्मींचेही डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता.

"मला वाटायचं, तू फक्त पेपर गाळतेस," त्या म्हणाल्या. फौजियाचा हात शोधून त्यांनी तो घट्ट धरला, मग सोडला आणि पुन्हा कीबोर्डवर आणून ठेवला. "आज पंचवीस तारीख. डिसेंबरला पाच दिवस आहेत. बाकीची बटणं दाखव, चल. एकही गाळायचं नाही."