रॉबिनला उत्तर

केझाया इम्पीने टोपीसाठी विणलेल्या काडाच्या वेणीत सुई खुपसली आणि पलीकडून ओढून घ्यायची विसरली, कारण तिच्या सुनेने, हॅरिएटने, साप्ताहिकाचं शेवटचं पान उघडलं होतं.

लुटनमधल्या केझायाच्या टोप्यांच्या कारखान्यात शनिवारी चार मुली शिवत बसत आणि हॅरिएट त्यांना मुलींचं साप्ताहिक वाचून दाखवी. शेवटच्या पानावर वाचकांना उत्तरं असत. प्रश्न छापत नसत, नावंही टोपणच. प्रश्न काय असेल ते ओळखण्यात मुलींना भारी गंमत वाटे. वर संपादक प्रत्येकीच्या अक्षराला नावं ठेवी, त्यावर तर खिदळायला ऊत येई.

तीन महिन्यांपूर्वी केझायाने या पानाला पत्र धाडलं होतं. बिस्किटांच्या डब्यावरची अक्षरं बघून बघून, दोन रविवार खपून. डोळे अधू आहेत, असं ती तीस वर्षं जगाला सांगत आली होती. डोळे चांगले ठणठणीत होते; धड वाचताच येत नव्हतं. तिच्या एका शब्दाला चळाचळा कापणाऱ्या या पोरींना हे कळलं, तर उद्या कोण जुमानणार होतं?

"'गुलाबकळी'," हॅरिएट वाचू लागली, "'लिंबू चोळल्याने वांग जात नाहीत.'"

"आणि तोंड चालवल्याने टोप्या होत नाहीत," केझाया म्हणाली. मुली खाली मान घालून हसल्या.

"'रॉबिन'..." हॅरिएट थांबली.

"का गं? शाळामास्तरीण होतीस ना? अडलं घोडं?"

"नाही, आई. 'रॉबिन, अक्षर कच्चं आहे, पण हात स्थिर आहे. रोज एक ओळ गिरवावी. शिकायला वयाची अट नसते.'"

मुलींना यात हसण्याजोगं काही सापडलं नाही. हॅरिएट पुढच्या नावाकडे वळली.

संध्याकाळी मुली गेल्यावर टोपी गुंडाळायला कागद हवा म्हणून केझायाने ते साप्ताहिक उचललं, खिडकीशी नेलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागली. चहा पार निवला.

'रॉबिन, लुटन. आपलं अक्षर लागत नाही. बावन्न वर्षांच्या बाईंनी मुलींची जागा अडवू नये. टोप्या शिवता, त्याच शिवाव्यात.'

तिने ते पुन्हा जुळवलं. तितकंच निघालं.

हॅरिएट आत खाली पडलेली काडं झाडत होती. केझायाने तिच्या हातातला झाडू काढून भिंतीला टेकवला, खडूचा तुकडा तिच्यापुढे धरला आणि कापायच्या फळीशी दोन स्टुलं ओढली.

"रोज एक ओळ म्हणे. कुठली, ते काही त्या शहाण्याने सांगितलं नाही."

हॅरिएटने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या काखेतल्या साप्ताहिकाकडे.

"मी आखून देते, आई."

"सरळ आख," केझाया म्हणाली. "आणि आधी तो दरवाजा लाव."