माझी पलीकडची बाजू

मी एक जुने टेबल आहे. खरे सांगायचे तर अर्धेच. एका बड्या निवासी शाळेच्या कार्यालयात, कापलेली कड भिंतीला लावून, मी उभा आहे. माझ्या पाठीवर प्रिंटर घरघरतो, शिक्क्याची शाई सांडते आणि कारकून रोज चहाच्या कपाचे एक नवे वर्तुळ उमटवतो. त्याच्यावर मी रागावत नाही. दिवसभरात मला हात लावणारा तेवढा एकच माणूस आहे. पण मित्रांनो, माझा जन्म काही प्रिंटर वाहण्यासाठी झाला नव्हता.

मला एका म्हाताऱ्या सुताराने वर्गातच घडवले. शाळेला असे टेबल हवे होते, की भोवती बारा जण बसावेत आणि मागचा बाक कोणाच्याच वाट्याला येऊ नये. सुताराने मला लांबट गोल आकार दिला. पॉलिश करण्याआधी त्याने स्वयंपाकी, माळी, शिपाई, जो सापडेल त्याला आणून खुर्च्यांवर बसवले आणि दरडावून विचारले, "सगळ्यांना सगळ्यांचे डोळे दिसतात ना? कोणी कोणाच्या आड येत नाही ना?"

माळी म्हणाला, "मला तर हा स्वयंपाकी नको तेवढा दिसतोय."

सुतार खूश झाला. मग त्याची नजर दाराकडे गेली आणि त्याने जीभ चावली. मी दारापेक्षा चांगलाच रुंद झालो होतो. "असू दे," तो म्हणाला. "हे आता इथून हलत नाही. हलवायचं तर कापूनच न्यावं लागेल." सगळे हसले. मीही हसलो.

त्या वर्गात एक बाई शिकवत. शिकवत म्हणजे काय, बहुतेक वेळ गप्पच बसत. बारापैकी एक खुर्ची त्यांची. मुलांनी धडा वाचून यायचे आणि एकमेकांशी बोलायचे. कोणी बाईंकडे पाहून बोलू लागले, की बाई खिडकीबाहेर पाहत. त्यांच्यापुढे एक कागद असे. त्यावर माझा आकार आणि कडेने अकरा नावे. ज्याने ज्याला प्रश्न विचारला, त्या दोघांमध्ये बाई पेन्सिलीने रेघ ओढत. तास संपला की कागद मुलांपुढे सरकवत. कोणी एकट्यानेच तास खाल्ला आणि कोणाकडे कोणीच वळले नाही, हे त्यात स्वच्छ दिसे. मुले श्रीमंत घरांतली होती, पण त्या कागदावर वडिलांच्या मोटारीला जागा नव्हती.

एका वर्षी दूरवरून एक मुलगी आली. पाच आठवडे तिने चकार शब्द काढला नाही, म्हणून मुलांनी तिला 'मौनीबाबा' म्हणायला सुरुवात केली. तिच्या नावापर्यंत एकही रेघ पोचली नव्हती. तिला घरची किती ओढ लागली होती, हे फक्त मला माहीत होते. वर्गात आली की ती कंपासच्या टोकाने माझ्या कडेखाली एक खाच पाडायची. तिला सुट्टी लागेपर्यंतचे दिवस ढकलायचे होते. मला दुखायचे, पण तिचा राग कधी आला नाही.

तिच्या अगदी समोर 'वकील' बसायचा. हे त्याचे टोपणनाव. बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एके दिवशी विषय निघाला, शिकायला घर सोडून येणारी मुले नशीबवान की नाही.

"नशीबवानच!" वकील सुरू झाला. "घरी बसून कोण मोठं झालंय? ज्याला घर आठवतं त्याने इथे यावंच कशाला?"

मुलीची बोटे माझ्या कडेवर आवळली. "सुट्टीत इथेच राहणाऱ्यांच्या यादीत तुझं एकट्याचं नाव आहे," ती म्हणाली. "का?"

वकिलाचे कान लाल झाले. कोणीतरी खाकरले. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि वाट पाहिली.

"घरी कोणी नसतं," तो अखेर म्हणाला. "आई एका देशात, बाबा दुसऱ्यात. घराला कुलूप असतं."

"मला माहीत नव्हतं रे."

मग वकिलाने, बहुधा पहिल्यांदाच, उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारला. "तुझ्या घरी कोण कोण असतं?"

ती सांगू लागली. आजी, मावशी, दोन धाकटे भाऊ, दारामागे झोपणारी मांजर. घंटा झाली तरी कोणी उठले नाही. त्या दिवशी बाईंच्या कागदावर एकच रेघ होती, माझ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पुन्हा पुन्हा गिरवलेली. दुसऱ्या दिवसापासून खाचा थांबल्या. सुट्टीत आजीने पत्र धाडून वकिलालाही बोलावून घेतले. पुढे वर्षभर ती दोघे कडाकडा भांडली, आणि त्यांच्यामध्ये मी होतो. तेवढा सुखी मी पुन्हा कधी झालो नाही.

बाई निवृत्त झाल्या. नव्या मुख्याध्यापकांना भिंतीवर पडदा आणि त्याच्याकडे तोंड केलेल्या रांगा हव्या होत्या. सुताराची थट्टा खरी ठरली. करवत मधोमध चालली. मुलीची बाजू कार्यालयात आली, वकिलाची बाजू धुलाईघरात गेली, चादरींच्या घड्या घालायला. मध्ये एक अंगण आहे. वारा तिकडून सुटला की साबणाचा वास येतो आणि माझी कापलेली कड ठणकू लागते.

यंदा एक नवी शिक्षिका रुजू व्हायला आली. अर्ज भरायला माझ्यावर वाकली आणि तिची बोटे सवयीने कडेखाली गेली. ती थबकली. एकेक खाच चाचपत शेवटच्या खाचेपाशी येऊन थांबली.

"याचा दुसरा भाग कुठे आहे?"

"धुलाईघरात," कारकून म्हणाला. "का हो बाई?"

"तिकडच्या बाजूला माझ्यासमोर एक जण बसायचा."

दोन्ही भाग जोडून वर्ग घ्यायला मुख्याध्यापकांनी बरेच आढेवेढे घेतले. अखेर दर गुरुवारी एक तास, अंगणात, एवढी परवानगी मिळाली. काल पहिला गुरुवार होता. माझी दुसरी बाजू आली, साबणाने पांढरी पडलेली. आम्ही नीट जुळलो नाही. करवतीने खाल्लेले लाकूड परत कुठून येणार? मधल्या फटीतून मुलांच्या पेन्सिली पडत होत्या. तरी अकरा मुले बसली, नव्या बाईंनी कागद काढला आणि पलीकडून कोणीतरी विचारले, "तुला काय वाटतं?" मला रडता आले असते तर मी रडलो असतो. तासाभराने आम्हाला पुन्हा वेगळे केले.

मित्रांनो, मला पॉलिश नको. एवढेच करा, तुमच्यासमोर जो बसला आहे, त्याला एक खरा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तो समोर आहे तोवर विचारा.

धुलाईघराकडून वारा सुटला आहे. आज शुक्रवार आहे.