पातळ तेल

आमचं जहाज काळ्या समुद्रातून गहू घेऊन ग्रीसमधल्या पिरेअस बंदराला निघालं होतं. चीफ इंजिनियर लूकास खुशीत होता; त्याचं घर पिरेअसलाच होतं. बऱ्याच वर्षांनी ऑगस्टमधल्या देवमातेच्या ख्रिस्ती सणाला तो घरी असणार होता.

भूमध्य समुद्रात आता जास्त गंधकाचं जाड, काळं तेल जाळायला बंदी आहे. मी सेकंड इंजिनियर. भूमध्य लागण्याआधी, वाटेतल्या मार्मारा समुद्रातच मी हळूहळू तेल बदलायला घेतलं. घाई केली तर इंजिनाला तेल पुरवणारे तापलेले पंप एकदम गार होऊन अडकतात.

"पाण्यासारखं पातळ तेल हे," लूकास कुरकुरला. "इंजिनाला बाधेल बघ, आर्गिरो."

"तुम्हाला काहीही नवं बाधतंच, चीफ."

तो हसला.

पिरेअससमोर नांगर टाकायची वेळ आली. जहाज थांबवायला वरून उलट चालीचा हुकूम आला. टाकीतल्या दाबलेल्या हवेच्या जोरावर इंजिन फिरलं, पण पेटलंच नाही. पुन्हा तेच. समोर दुसरं जहाज उभं होतं आणि आमचं त्याच्याकडे सरकत होतं. लूकास धावत इंजिनापाशी गेला आणि जास्त तेल सुटावं म्हणून तेलाचा दांडा हातानंच पुढे रेटून धरला. खोकत खोकत इंजिन चालू झालं. अखेर नांगर पडला.

कप्तान खाली आला. "झालं ते झालं. उद्या माल उतरवू, पंपांचं पुढच्या फेरीला बघू."

लूकास घाम पुसत म्हणाला, "पंप झिजलेत. पातळ तेल फटींतून निसटतं, जाड तेलात ते कळत नव्हतं. मला शंका होती, पण चालतंय म्हणून चालवलं. पंप बदलल्याशिवाय हे जहाज हलणार नाही. मी कळवतोय."

"मग सण विसर. सुटे भाग येईपर्यंत तुला इथंच बसावं लागेल."

"माहीत आहे."

त्यानं आधी बंदराला कळवलं, मग कंपनीला. कंपनीवाल्यांच्या शिव्या त्यानं ऐकून घेतल्या. बायकोला फोन करायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

सणाच्या दुपारी आम्ही तेलकट हातांनी जुने पंप उतरवत होतो. तेवढ्यात एका खलाशानं बोलावलं, म्हणून आम्ही वर डेकवर गेलो. खाली होडीत लूकासची बायको, देस्पिना, डोक्याला रुमाल बांधून उभी होती.

"नवरा आहे का वर, की तोही झिजला?"

लूकासनं दोरी खाली सोडली. तिनं पालकाच्या पाईचं भांडं बांधून दिलं.

"सगळ्यांना दे. एकटाच खाऊ नकोस!"

होडी पार किनाऱ्याला लागेपर्यंत तो कठड्याला टेकून उभा होता. मग आत आला आणि मला म्हणाला, "चल, खाऊन घे. अजून तीन पंप राहिलेत."