स्क्रूवरचे लाल ठिपके

बावीस वर्षं परीक्षेच्या वर्गांतून फेऱ्या मारल्यावर, कुणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे हे मला नुसत्या मानेवरून कळतं. त्यामुळे डिस्क दुरुस्त करणाऱ्याने वर न बघताच "ठेवून जा, चार दिवस लागतील," म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. चार दिवस कशाला?

"आत काय आहे?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कशाला हवंय?"

"आधी काय उतरवून घ्यायचं ते ठरवायला. टकटक ऐकलीत ना? ही किती वेळ साथ देईल सांगता येत नाही."

सांगावंच लागलं. ऑपरेशनमध्ये आईचं स्वरयंत्र काढलं. त्याआधीच्या आठ दिवसांत तिने नऊशे वाक्यं रेकॉर्ड केली. ‘पाणी दे’, ‘दार लाव’, ‘मला नाही पटत’. ती टॅबलेटमध्ये घातली, की आईने बोट ठेवायचं आणि तिच्याच आवाजात वाक्य ऐकू यायचं. तोवर ती पाटीवर लिहून बोलते. दादा म्हणाला होता, इंटरनेटवरही एक प्रत ठेव. मी म्हटलं, तिथे कोण कान लावून बसलंय देव जाणे! म्हणून सगळं एकाच डिस्कवर, माझ्या कपाटात, कुलपात.

दुकानात देण्याआधी मी डिस्कच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. अदलाबदल झाली तर कळावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर न सांगता गेले. डिस्क टेबलावर उताणी पडली होती, वायरी जोडलेल्या. एकाही स्क्रूवर ठिपका नव्हता.

"स्क्रू कुणी उघडले?"

"मी. त्यात कुणीतरी लाल..."

"डिस्क बदललीत ना?"

"अहो बाई, ऐकून तर घ्या. निम्म्याहून जास्त उतरलंय. आत्ता काढलीत तर पुन्हा चालू होईलच असं नाही."

सापडलेली पोरंही अशीच बोलतात. मी वायरी काढायला लावल्या. "आणि जे उतरवलंय ते पुसा. माझ्यासमोर."

त्याने बटण दाबलं. यादी रिकामी झाली. संगणकातली कचरापेटीही उघडून दाखवायला लावली. ताठ मानेने घरी आले.

घरी दादाने डिस्क जोडली. तीन वेळा टकटक झाली आणि मग काहीच नाही. आई दारात उभी होती. तिने पाटी पुढे केली, ‘काय झालं?’

"वायर खराब आहे," मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. संशयी स्वभाव मला तिच्याकडूनच आलाय.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आईचा आवाज मी माझ्या हाताने पुसायला लावला होता.

सकाळी डिस्क घेऊन दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभी राहिले. खणातून त्याने दुसरीच एक डिस्क काढली, आमचं जिच्यावर उतरवलं होतं ती. वर कागद चिकटवलेला होता, ‘हिच्यावर काही लिहू नये’.

"पुसलं म्हणजे यादीतून नाव खोडलं एवढंच. वरून दुसरं काही लिहीत नाही तोवर आतलं जागच्या जागी असतं. तुम्ही गेल्यागेल्या ही काढून ठेवली."

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"हो."

माझ्या डोळ्यांदेखत कुणी फसवलं आणि मला बरं वाटलं, असं बावीस वर्षांत प्रथमच झालं.

मग त्याने एक खोडरबर दाखवला, कडेने लाल झालेला. "स्क्रूवरून रंग ओघळून आतल्या जोडावर गेला होता. डिस्क ओळखच देईना. स्पिरिट लावून, घासून काढला. कुणाचा उद्योग, कळत नाही." माझ्या नखांकडे त्याने मुद्दाम बघितलं नाही. मीच हात पदराखाली घेतले.

जुनी डिस्क त्याने पुन्हा चालवली, पण एक भाग गेला तो गेलाच. "तेवढा वगळून बाकीचा चालेल असा करून दिलाय. काहीबाही ठेवा, जिवापाड जपायचं असेल ते ठेवू नका."

गेला तो ‘घरची माणसं’ हा भाग. आई आम्हाला हाका मारते तो. मला ती ‘ठमे’ म्हणते.

दादा म्हणाला, "फोनवर तुम्हा दोघींचे आवाज कुणाला वेगळे कळायचे? तूच बोल."

त्याच जुन्या डिस्कवर मी तालीम केली. दादाची हाक तिसऱ्या खेपेला जमली. स्वतःला हाक मारायला एक्केचाळीस खेपा लागल्या. दर वेळी ‘ठमे’पाशीच अडायचे.

आईने टॅबलेटवर बोट ठेवलं. "ठमे, जेवलीस का?"

दादा छताकडे बघू लागला. आईने मान तिरकी केली, पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा ऐकलं. मग पाटी ओढली.

‘ही मी नाही.’

मोज्यातली चिठ्ठी सापडलेल्या पोरासारखी मी खाली बघत राहिले. आईने पाटी पुसली, काहीतरी लिहिलं आणि माझ्या नाकासमोर धरली.

‘पण जेवलीस का?’

मी जेवले नव्हते.